एक कान दुधाकडे

मी पाहिलेले पहिले स्टुडिओ तुळजापुरातले, फोटोवाल्यांचे. देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत भाविकांचे फोटो काढणारे असत. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कधी महाद्वार, कधी सिंहावरची भवानी, कधी गुडघा टेकून देवीकडून तलवार घेणारे शिवाजीमहाराज. नवस फेडायला आलेलं घरदार, नुकतंच जावळ काढलेल्या पोरासकट, त्या पडद्यापुढे ताठ उभं राहायचं. खरं महाद्वार हाकेच्या अंतरावर असताना माणसं रंगवलेल्या महाद्वारापुढे पैसे मोजून का उभी राहतात, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळतं. खऱ्या महाद्वारात गर्दी असते, चपलांचे ढीग असतात, ढकलाढकल असते. पडद्यावरच्या महाद्वारात मात्र तुमच्यापुरती जागा चित्रकाराने आधीच मोकळी ठेवलेली असते. तो चित्रकार कोण, हे कुणी विचारत नसे. पडद्याच्या कोपऱ्यात सही असलीच, तर तिच्यापुढे कुणाची तरी आत्या उभी असे.

दुसरं ठिकाण म्हणजे आमच्या गावातलं, एसटी स्टँडच्या बाजूचं, पेंटरकाकांचं दुकान. डालड्याच्या डब्यांत ब्रश, टर्पेंटाइनचा डोक्यात जाणारा वास, भिंतीला टेकवलेले अर्धवट पत्रे. लहान फोटोवरून भिंतीएवढं चित्र करायचं तर काका फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखत, भिंतीवर तितक्याच पण मोठ्या चौकटी आखत आणि एकेक घर भरत जात. सरळ रेघ हवी असली की दोरा खडूच्या भुकटीत घोळवायचा, दोन टोकांना दोन पोरं उभी करायची, दोरा ताणायचा आणि मधे चिमटीत धरून सोडायचा. फाट् असा आवाज आणि भिंतीवर रेघ हजर. उजव्या हाताला आधार म्हणून डाव्या हातात एक काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा, म्हणजे ओल्या रंगाला धक्का लागत नाही. ते शिकवत नसत, बघू देत. एकदाच म्हणाले होते, "अक्षर काढू नको बाळ, अक्षराच्या आतली मोकळी जागा काढ. अक्षर आपोआप येतंय." एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं केलं, पास झाले, प्रमाणपत्रं कुठल्यातरी ट्रंकेत आहेत. पण मोकळ्या जागेचं ते वाक्य अजून रोज उपयोगी पडतं.

फ्लेक्स आला आणि पेंटर लोक एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा कचेऱ्या, शाळा, दुकानं, बस, सगळीकडच्या पाट्या बदलायच्या होत्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे झालं असतं तर गावातल्या पेंटर मंडळींची वर्षभराची सोय झाली असती. आता बहुतेक पाट्या छापून आल्या. एका ठिकाणी मात्र जुन्या हाताने लिहिलेल्या 'उस्मानाबाद'वर पांढऱ्या रंगाचा हात मारून त्यावर हातानेच 'धाराशिव' लिहिलेलं दिसलं. पांढरा पातळ होता. खालची अक्षरं डोकावत होती. गावाची इतकी खरी पाटी मी दुसरी पाहिली नाही.

माझी स्वतःची चित्रं काढायची जागा म्हणजे सासरच्या जुन्या घरातली मधली खोली. पूर्वी तिथे ज्वारीची पोती असत, कोपऱ्यात धान्याचं बळद आहे. भिंती दीड-दोन हात जाड, दगड-मातीच्या. छत माळवदाचं: खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. खोलीला खिडकी नाही. छतात मधोमध एक सवणं आहे, धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं. आता त्यावर काच बसवली आहे, नाहीतर पहिल्या पावसात माझा कागद आधी भिजला असता. चित्रकलेच्या पुस्तकांत लिहितात की उत्तरेचा उजेड चांगला, तो दिवसभर फारसा बदलत नाही. माझ्या सवण्यातला उजेड एका जागी टिकत नाही. उन्हाचा चौकोन सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर चढून बसतो, मग उतरतो, जमिनीवरून सरकतो, दुपारी बळदाच्या तोंडाशी जातो. समोर पितळी तांब्या मांडावा, सावली बघून रंग कालवावा आणि मान वर करावी तर सावली तांब्याच्या दुसऱ्या अंगाला. त्यामुळे मी झपाट्याने काम करायला शिकले. शिवाय माझ्याकडे वेळही तेवढाच असतो. नोकरीवर जाण्याआधीचा, दूध तापत ठेवल्यापासून कुकर उतरवेपर्यंतचा. माझा एक कान कायम दुधाकडे असतो.

या खोलीचे गोडवे गाताना जीभ जरा आवरावी लागते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते तेव्हा, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात अशाच घरांनी माणसं मारली. भूकंप होता म्हणून घरं पडली हे खरं, पण मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचा टनावारी बोजा, यांनी झोपलेल्या माणसाला उठायची संधी दिली नाही. बावन्न गावं नव्याने वसवावी लागली. आमच्या घराला तेव्हा भिंतीत एक चीर गेली, बळदाच्या वरून तिरकी. ती मी चुन्याने बुजवू दिलेली नाही, आणि घरातल्यांनी दोन भिंतींना लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या आहेत. जुन्या घरांवर चित्रं काढणारे आम्ही लोक माळवद, ढेलज, कोनाडे फार हौसेने रंगवतो. सास्तूरकडच्या एका बाईंनी माझं असं एक चित्र बघून तोंड फिरवलं होतं. त्यांना त्या तुळयांत काही सुंदर दिसलं नाही, दिसायचं कारणही नव्हतं. तेव्हापासून माळवद रंगवताना त्याचं वजन दिसलं पाहिजे, नुसता उजेड नाही, असा माझा प्रयत्न असतो. जमतंच असं नाही.

घराबाहेर चित्र काढायला मला सगळ्यात जास्त ओढ नळदुर्गच्या किल्ल्याची. आणि तिथे माझ्या आधी एक हौशी चित्रकार राहून गेला आहे. १८५३ साली निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या कारभाराकडे सोपवला, तेव्हा नळदुर्गचा जिल्हा आला फिलिप मेडोज टेलरकडे. हा १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला, पंधरा-सोळाव्या वर्षी पोट भरायला हिंदुस्थानात आलेला आणि निजामाच्या नोकरीत शिरलेला माणूस. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जमीनमोजणी, कायदा, बांधकाम, जुन्या थडग्यांचं उत्खनन, जे लागेल ते स्वतः शिकत गेला आणि चित्रं काढायलाही तसाच शिकला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालची, विलायतेत गाजलेली. १८६३ साली त्याने 'तारा' लिहिली. तिची नायिका तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली. १८५७पर्यंत तो नळदुर्गला होता, मग वऱ्हाडात बुलढाण्याकडे गेला. राज्यकर्त्यांपैकी तो एक होता आणि राज्यकर्त्याच्या नजरेनेच त्याने हा मुलूख पाहिला, हे विसरायचं कारण नाही. पण दिवसभर सारा, फिर्यादी आणि रस्त्यांची कामं बघून उरलेल्या वेळात कागद काढणारा माणूस मला परका वाटत नाही. फरक इतकाच की त्याचं दूध दुसरं कुणीतरी बघत असणार.

किल्ल्याचा त्याच्या कितीतरी आधीचा धनीही हौशीच म्हणायचा. बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला गेला तो विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. मीर इमादीन हे बांधणाऱ्याचं नाव तिथल्या फार्सी शिलालेखामुळे आपल्याला माहीत आहे. इब्राहिम स्वतः गाणं, अक्षर आणि चित्र यांचा वेडा. त्याने आपल्या आवडत्या तंबोऱ्याला मोतीखान असं नाव दिलं होतं. अशा माणसाच्या अमदानीत धरणाच्या पोटात खोली काढायची कल्पना कुणाला तरी सुचावी, यात नवल नाही. किल्ला एका बाजूला, रणमंडळ हा जोडकिल्ला दुसऱ्या बाजूला, दोघांना जोडणारी ही भिंत, आणि भिंतीच्या आत जिन्याने उतरून जायची खोली. पावसाळ्यात नदी भरली की पाणी भिंतीवरून दोन वाटांनी कोसळतं. त्यातला एक नर, दुसरी मादी. आत खिडकीशी उभं राहावं तर पुढे नुसता पाण्याचा पडदा आणि अंगावर शिंतोडासुद्धा नाही.

इथलं पाणी रंगवणं ही मोठी पंचाईत. फोटोत हे धबधबे दुधासारखे पांढरे दिसतात. खरं पाणी ऑगस्टमध्ये काळ्या रानाची माती घेऊन येतं आणि त्याचा रंग दूध कमी पडलेल्या चहाचा असतो. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग वापरायचा नसतो, कागदाचाच पांढरा राखायचा असतो, असं सगळे शिकवतात. नळदुर्गला राखून ठेवायला पांढरं फारसं नाहीच. मी बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन यांचं पातळ पाणी करते, एका झटक्यात वरून खाली ओढते आणि ते ओलं असतानाच दगडाचा काळा त्याला भिडवते. दोन्ही एकमेकांत शिरतात. तेवढ्या क्षणात हात काढून घेता आला तर पाणी पडताना दिसतं. एकदा जास्त ब्रश फिरवला की त्याची भिंत होते. बघायला आलेली मंडळी म्हणतात, "ताई, पाणी गढूळ झालंय की तुमचं, डब्यातलं बदला." मी बदलते. पाण्याचा रंग तोच राहतो.

नळदुर्गला सोबत माणसं असतात, धाराशिवच्या लेण्यांत बहुधा कुणी नसतं. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत ही लेणी आहेत. गावातली निम्मी मंडळी शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेली नसतात. मोठं आहे ते दुसऱ्या क्रमांकाचं लेणं. सभामंडप सुमारे ऐंशी फूट लांब आणि तितकाच रुंद, कडेने भिक्षूंच्या चौदा खोल्या, मागे गाभारा. आराखडा अजिंठ्याच्या वाकाटक काळातल्या विहारांचा. म्हणजे इथे कोरणाऱ्यांनी किंवा कोरून घेणाऱ्यांनी अजिंठा पाहिलेला होता, आणि आपल्या डोंगरातही असंच करू, असं त्यांनी ठरवलं. खडक मात्र अजिंठ्याच्या तोडीचा मिळाला नाही. तो झिजतो, सुटतो, कोपरे धरून ठेवत नाही. मला हे लेणं फार जवळचं वाटतं. चांगल्याची नक्कल करायला बसावं, सामान जेवढं असेल तेवढ्यात भागवावं आणि तरीही मंडपाची प्रमाणं अशी बरोबर यावीत की आत शिरताच चाल आपोआप मंद व्हावी.

१८७०च्या दशकात जेम्स बर्जेसने या लेण्यांची मापं घेतली, आराखडे काढले. त्याला ती जैन वाटली. पुढच्या अभ्यासकांनी मुळात ती बौद्ध असावीत आणि नंतर जैनांनी आपलीशी केली असावीत असं मांडलं. वाद अजून मिटलेला नाही. मला या वादात उडी घ्यायची नाही, पण जैन परंपरेतली एक गोष्ट चित्रकाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात राजा करकंड तेरापूरजवळच्या डोंगरातल्या लेण्यात येतो. तिथे पार्श्वनाथाची मूर्ती आहे. मूर्तीच्या आसनावर त्याला एक गाठ दिसते. खुपते. तो कारागिराला सांगतो, ही काढून टाक. कारागीर छिन्नी लावतो आणि गाठीच्या जागेतून पाण्याचा लोट उसळून लेणं भरून जातं. राजाला पश्चात्ताप होतो आणि मग त्या लेण्याचा जुना इतिहास त्याला ऐकवला जातो. त्यानंतर तो स्वतः शेजारी आणखी लेणी करवतो. आधीच्याने जी गाठ सोडली तिला काही कारण असेल, असं धरून चालावं, एवढा या कथेतला व्यवहार माझ्यापुरता पुरे.

लेण्यात बसून चित्र काढताना पहिली पंधरा-वीस मिनिटं वाया घालवावी लागतात. डोळे बाहेरचं ऊन घेऊन आलेले असतात, त्यांना आत काळ्याखेरीज काही दिसत नाही. घाईने कागद काळा केला की गेला. बसून राहिलं की काळ्यातून तपकिरी सुटतो, तपकिरीतून एक मळकट हिरवा, मग खांबाची कड, मग खोलीचं दार, आणि दाराच्या आत आणखी काळं. मागच्या ओळीतल्या खोल्यांना मी काळा वापरतच नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन थरावर थर चढवत जाते, मधे प्रत्येक थर वाळू देते. लेण्यात तो वाळतो सावकाश, विशेषतः श्रावणात. तेवढ्यात वटवाघळं आपली हजेरी लावतात. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिलने १८४४ पासून आपली उमेद घातली. त्यातल्या बऱ्याच १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा त्या केल्या, त्यातल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच, साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत जळाल्या. मूळ भिंत जंगलात उभी होती आणि नकला विलायतेच्या सुरक्षित दालनांत जळत होत्या. हे आठवलं की माझा भिजलेला कागद फेकून देताना मला काही वाटत नाही.

तेरला मात्र मी चित्र काढायला जाते असं म्हणवत नाही. तिथे बघण्यातच वेळ जातो. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या टिपणात त्याचं नाव आहे. इथून गाड्या भरून कापड भडोचला जायचं आणि तिथून समुद्रापार. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून, रानातून, पांढरीतून वेचलेल्या वस्तूंवर इथलं शासकीय संग्रहालय उभं आहे. कलावंताचा नव्हे, एका गावकऱ्याचा हा हट्ट, आणि त्याच्यामुळे आज मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या एका जागी बघायला मिळतात. इथली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती जाणकारांना सारखी पाँपेईची आठवण करून देते. ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या त्या गावात १९३८ साली अशीच भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. ती कुठून गेली यावर मतभेद आहेत. तेरकरांना मात्र यात शंका नसते.

मला मोह पडतो तो मातीच्या बाहुल्यांचा. सातवाहन काळातल्या या बाहुल्या दोन साच्यांत केलेल्या: पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही चिकटवून भाजायच्या. अखंड बाहुलीत गंमत कमी. फुटकी बघावी. फुटक्या तुकड्याची आतली बाजू दिसते आणि तिथे माती साच्यात दाबणाऱ्याच्या बोटांचे खळगे तसेच राहिलेले असतात. बाहेर इतकी नीटस केशरचना, कानातल्याचा एकेक मणी मोजून, आणि आत नुसती घाई. बाजाराचा दिवस जवळ आला असेल. काचेच्या पलीकडे असल्याने मी वाकून, एक डोळा मिटून काढत बसते. तिथल्या माणसाने एकदा विचारलं, "पुढची बाजू सोडून उलटी बाजू काय काढायलाव मॅडम?"

त्याच गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं, मागची बाजू अर्धगोल, गजपृष्ठ. १९०१च्या सुमारास हेन्री कझिन्स इथे आला आणि हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं त्याने लिहिलं. त्यावरही दुमत आहे. आज आत पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे, पुढे नंतर जोडलेला सपाट छताचा मंडप आहे. मागून पाहिलं तर एक इमारत, पुढून दुसरी. विटांवर चुना, चुन्यावर आणखी चुना. आमच्या जिल्ह्यात नव्याने, कोऱ्या जागेवर, एका हाताने केलेलं असं फार थोडं आहे. जो आला त्याला आधीच्याची भिंत मिळाली आणि त्याने तिच्यावर आपलं काम चालू केलं. कोरा कागद ही गोष्ट बहुधा दुकानातच मिळते.

आणि याच गावाशी गोरोबाकाकांची कथा जोडलेली आहे. तेरचे गोरा कुंभार. माती तुडवताना विठ्ठलनामात असे रमले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली चिखलात गेलं, ते त्यांना कळलं नाही. मराठी घरात ही कथा सगळ्यांना पाठ असते. कीर्तनकार सांगतात ती भक्तीची पराकाष्ठा म्हणून. चित्रकार मंडळी तिच्याकडे एकाग्रतेचा आदर्श म्हणून बघतात, कामात असं हरवता आलं पाहिजे म्हणतात. माझ्यासारखीला ही कथा ऐकताना डोळ्यांपुढे येते ती संती, त्यांची बायको. मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून पाणी आणायला गेली होती. लक्ष ठेवणं ही तिची कामगिरी. ती पाण्यावर गेली तेवढ्यापुरती तिने ती नवऱ्याकडे दिली. पुढे देवाने मूल परत दिलं, कथेत सगळं जुळून येतं. पण घागर घेऊन दारात आल्यावर तिने जो आक्रोश केला असेल तो कुठल्याही परमानंदापेक्षा मला खरा वाटतो.

मोठमोठे चित्रकार स्टुडिओचं दार लावून घेतात, आठ-आठ दिवस कुणाला भेटत नाहीत, असं आपण कौतुकाने वाचतो. त्या दाराबाहेर पाणी भरणारं कुणीतरी असतं. मी दार लावत नाही, मधल्या खोलीला दारच नाही. याचं मला पूर्वी वैषम्य वाटे. आता मी सरळ वाद घालते: अर्धं लक्ष हेही लक्षच आहे, आणि काही चित्रांना तेच लागतं. आमच्याकडची जाती, चुली, कोनाडे, उंबऱ्यावरची रांगोळी, भिंतीवरचा नागपंचमीचा नाग, हे सगळं बायकांनी एक कान दुसरीकडे ठेवूनच केलं. पंचमीचा नाग काढताना पुरण शिजत असतं. म्हणून त्या रेघेत एक तातडी असते, पुन्हा मागे न फिरणारी. ती मला दार लावून बसलेल्या चित्रांत क्वचित दिसते. गोरोबांची थोरवी मोठीच आहे. पण तेरची माती दोघांची होती, तुडवणाऱ्याची आणि पाणी आणणारीची. पाण्यावाचून कुठली माती तुडवतोय कुंभार?

आता देवळांच्या चित्रांतल्या तारांबद्दल. जुन्या देवळाचं चित्र काढताना विजेच्या तारा, मीटरची पेटी, भोंगा, प्लॅस्टिकच्या पताका, सोलर दिवा गाळायचा की ठेवायचा, यावर आम्हा हौशी लोकांत कडाक्याची भांडणं होतात. बहुतेक जण गाळतात. विकत घेणाऱ्यालाही तारा नको असतात, त्याला दिवाणखान्यात लावायला यादवांचं राज्य हवं असतं. माझं मत ठेवावं या बाजूचं आहे. माणकेश्वरचं शिवमंदिर घ्या, भूम तालुक्यातलं, बाहेरच्या भिंतींवर देखण्या सुरसुंदरींच्या मूर्ती असलेलं. तिथे मूर्तीच्या पायाशी कुणीतरी आजच वाहिलेली दोन फुलं आणि विझलेली उदबत्ती असते. ती गाळली तर मूर्ती संग्रहालयात गेली. ठेवली तर देवळात राहिली.

ऑइल पेंटच्या बाबतीत माझी ही उदार दृष्टी डळमळते. गावोगावच्या हेमाडपंती देवळांना अलीकडे निळा, गुलाबी, पोपटी ऑइल पेंट देण्याची लाट आहे. दगड श्वास घेईनासा होतो, आत शिरलेली ओल आतच राहते, वर पापुद्रे सुटतात, मग ते खरवडायला कुणीतरी मशीन आणतं आणि कोरीवकामाची धारही त्याबरोबर जाते. पण ज्यांनी वर्गणी काढून रंग दिला त्यांच्या मनात देवळाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माया असते. घरं रंगवतो तर देव तसाच काळा का ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो वेडगळ नाही.

परवाच एका छोट्या गावात देवळाच्या पारावर बसून मी गाभाऱ्याची चौकट काढत होते. दगड अजून कोरा, काळा, हातांच्या स्पर्शाने खालच्या बाजूला चकाकणारा. माणसं जमली. एक म्हातारे माझ्या पेटीतल्या रंगांच्या वड्या निरखत होते. पुजाऱ्यांनी मुद्द्याला हात घातला.

"तुमी रंगातल्या जाणकार दिसायलाव ताई. यंदा वर्गणी चांगली जमलीय. देवळाला कोणता रंग देऊ?"

मी म्हटलं, "देऊच नका. दगडाचा रंग फार चांगला आहे."

"आसं कसं? पैसे जमलेत की."

मी ओलीबद्दल सांगितलं, पापुद्र्यांबद्दल सांगितलं, खांबावरच्या बारीक नक्षीत रंग बसला की ती कशी बुजते ते बोटाने दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. तिथल्या एका पोराने फोनवर शेजारच्या गावच्या देवळाचा फोटो काढून पुढे धरला: नवाकोरा गुलाबी, कळसाला सोनेरी. कबूल करते, कॅमेऱ्यात तो झकास दिसत होता.

"मग त्या पैशाचं करायचं काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"गच्चीवर गवत उगवलंय, ते काढून फटी चुन्याने बुजवून घ्या. पाणी जायची वाट मोकळी करा. जाणकार गवंडी बघून."

"ते वर झालं. ते कुणाला दिसणार?" पुजारी म्हणाले. बोलणं पुन्हा वर्गणीवर, मग गेल्या वर्षीच्या हिशोबावर, मग कुणी अजून दिले नाहीत यावर गेलं. मी चौकटीची सावली पुरी करून घेतली, कारण ऊन निघून चाललं होतं. जाताना पुजारी रस्त्यापर्यंत आले.

"बरं, दगडाला नको म्हणता. लाकडी दाराला तर देऊ का? दाराला काय होत नाही ना?"

"दाराला द्या," मी म्हटलं.

"कोणता?"

मी जरा विचार करून गेरूसारखा तांबडा सांगितला. त्यांचं मन पोपटीवर होतं. तो विषय अजून चालू आहे. येत्या सोमवारी त्यांचा फोन येणार आहे.